गव्हाणीत ठेवलेला देव

नाताळनिमित्त काही लिहावे असे संपादकांनी कळविले, तेव्हा पहिला प्रश्न आमच्या घरातच उमटला. 'पंढरीच्या कीर्तनकाराचा नाताळशी काय संबंध?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, देवाचा जन्म हा आमच्या व्यवसायाचाच विषय आहे. रामजन्म, कृष्णजन्म, दत्तजन्म यांची आख्याने सांगता सांगता आमचे केस पांढरे झाले. अशा वेळी शेजारी आपल्या घरची जन्मकथा सांगत असेल, तर ती कान देऊन ऐकणे हा श्रवणभक्तीचाच एक भाग होय. शिवाय या कथेशी आमचा एक जुना, काहीसा बोचरा संबंध आहे. कीर्तनात पूर्वरंगात प्रमेय मांडावे आणि उत्तररंगात आख्यान लावावे, असा नारदीय परंपरेचा दंडक आहे. त्या क्रमाने तो संबंधही पुढे येईलच.

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून अर्थ 'जन्मासंबंधीचा' एवढाच आहे. त्या लॅटिन शब्दाचे आणि आपल्या 'जन्' धातूचे कुळ एकच, हे भाषाशास्त्राला मान्य आहे. 'ख्रिस्त' ही ग्रीक उपाधी. तिचा अर्थ 'अभिषिक्त', म्हणजे ज्याच्या मस्तकी तैलाभिषेक झाला आहे असा. तेव्हा नाताळ म्हणजे अभिषिक्ताचा जन्म. आता हा जन्म केव्हा झाला, याविषयी शुभवर्तमानाच्या ग्रंथांत तिथी दिलेली नाही. २५ डिसेंबर या दिवसाची सर्वांत जुनी नोंद इसवी सन ३५४ च्या एका रोमन पंचांगात सापडते. पूर्वेकडील आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच हा उत्सव करते. म्हणजे 'केव्हा' या प्रश्नाला कथाकारांनी फारसे महत्त्व दिले नाही. त्यांनी महत्त्व दिले ते 'कुठे' या प्रश्नाला, आणि आमच्या मते या सणाचे सारे रहस्य तेथेच आहे.

जन्म कुठे झाला?

लूकने सांगितलेली कथा अगदी थोडक्यात आहे. रोमच्या ऑगस्टस कैसराने शिरगणतीचा हुकूम काढला. ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचे. नासरेथचा योसेफ आपल्या गरोदर मरियेसह दाविदाच्या गावी, बेथलेहेमला आला. तेथेच तिचे दिवस भरले. तिने पुत्राला जन्म दिला, त्याला बाळंत्यात गुंडाळले आणि गव्हाणीत ठेवले. कारण त्यांना उतरावयास जागा नव्हती. राजाच्या हुकुमाने एक गरीब जोडपे घराबाहेर पडते, बाळ जनावरांच्या वैरणीवर निजते, आणि ही कथा सांगणारा म्हणतो की, हाच तो जगाचा त्राता. 'बेथलेहेम' या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचे घर' असा आहे. ज्या गावाचे नावच भाकरीचे घर, त्या गावी देवाला माणसांच्या पंगतीत पान मिळाले नाही. गुरांच्या गव्हाणीत मिळाले.

येथे एका शब्दापाशी आम्हांस थांबावेसे वाटते. 'उतरावयास जागा' असे आपण ज्याला म्हणतो, तेथे मूळ ग्रीकमध्ये 'काताल्युमा' हा शब्द आहे. त्याचे भाषांतर बहुधा धर्मशाळा किंवा सराई असे केले जाते. परंतु याच लूकने पुढे दयाळू शोमरोन्याच्या दृष्टान्तात सराईसाठी निराळाच शब्द योजला आहे. आणि येशूने शिष्यांसह अखेरचे भोजन केले त्या माडीवरच्या खोलीसाठी मात्र पुन्हा 'काताल्युमा' हाच शब्द आला आहे. म्हणून अनेक आधुनिक पंडित असे मानतात की, जागा नव्हती ती सराईत नव्हे, कोणा आप्ताच्या घरातील पाहुण्यांच्या खोलीत. त्या काळी तिकडची साधी घरे आपल्या जुन्या खेड्यांतील घरांसारखीच असत. एकाच छपराखाली एकीकडे माणसे आणि दुसरीकडे गुरे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. नाताळच्या नाटकांतून कठोर मुद्रेचा एक सराईवाला दार लावून घेताना दाखवितात. लूकच्या कथेत तो सराईवाला नाहीच! 'जागा नाही' असे म्हणणारा कोणीही माणूस तेथे दिसत नाही. दुष्ट कोणी नाही, अपराधी कोणी नाही. फक्त जागा नाही. आम्हांस ही गोष्ट फार मार्मिक वाटते. जगात देवाला आणि दीनाला जी जागा नाकारली जाते, ती बहुधा अशीच नाकारली जाते. कोणी शिव्याशाप देत नाही, धक्के मारीत नाही. खोली भरलेली असते, एवढेच.

अवतार आणि नाताळ

आमच्या श्रोत्यांना ही कथा ऐकताना गोकुळाष्टमीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मध्यरात्र, अडचणीतला जन्म, सत्तेच्या भयाने हादरलेला राजा, कोवळ्या बालकांचा संहार आणि नवजाताला घेऊन परमुलखी पलायन! मत्तयच्या शुभवर्तमानात हेरोद राजा बेथलेहेममधील दोन वर्षांच्या आतील बालकांची हत्या करवितो आणि योसेफ मायलेकरांना घेऊन मिसर देशात पळून जातो. कंसाचा कारागार आणि यमुनेचा पूर यांवर ज्यांचे डोळे भरून आले, त्यांना हेरोदाची गोष्ट परकी वाटू नये.

परंतु सारखेपणा दिसला की 'सगळे एकच' असे म्हणून मोकळे होण्याची एक सोपी सवय आपणांस लागली आहे. ती आम्हांस मान्य नाही. शेजाऱ्याची गोष्ट त्याच्याच शब्दांत ऐकली तरच ती ऐकली असे म्हणता येईल. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंताने अवतारहेतू सांगितला आहे. सज्जनांचे रक्षण, दुर्जनांचा नाश, धर्माची स्थापना. आणि हे युगायुगांत पुनःपुन्हा. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देवाचे देहधारण एकदाच झाले, ते पुन्हा होत नाही. शिवाय बेथलेहेमच्या बाळाच्या हाती सुदर्शन नाही. त्याने हेरोदाचा वध केला नाही. तो हेरोदापासून पळाला. पुढे तो वधस्तंभावर गेला आणि मारणाऱ्यांना क्षमा मागून गेला. संत पौल आपल्या पत्रात म्हणतो त्याचा आशय असा की, देवरूप असताही त्याने स्वतःला रिते केले आणि दासाचे रूप घेतले. हा जो रितेपणा, तोच ख्रिस्ती चिंतनातील नाताळचा गाभा होय.

आपल्या परंपरेत या विचाराला अगदी जवळ येणारी एक संज्ञा आहे. श्रीवैष्णव आचार्यांनी भगवंताच्या गुणांत 'सौशील्य' नावाचा एक गुण गणिला आहे. रामानुजाचार्यांच्या गीताभाष्याच्या आरंभीच त्याचा उल्लेख येतो. थोराने लहानात मिसळावे, आणि मिसळताना मध्ये फट राहू नये, आपल्या थोरपणाचे ओझे समोरच्याला जाणवू नये, हे सौशील्य. श्रीराम गुहाला कवटाळतो, श्रीकृष्ण विदुराघरच्या कण्या खातो, तेथे हा गुण प्रकटतो. दोन्ही धर्मांचे सिद्धान्त निराळे असले तरी एक प्रश्न दोघांनीही विचारला आहे. देवाचे मोठेपण कशात? आणि दोघांनीही दिलेल्या उत्तराचा एक भाग असा की, त्याच्या लहान होता येण्यात.

म्हणूनच त्या रात्री ही वार्ता प्रथम कोणाला कळली, हे पाहण्यासारखे आहे. लूक म्हणतो, रानात मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांना. राजवाड्याला नाही, मंदिराच्या याजकांना नाही. मत्तयच्या कथेत पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक सोने, ऊद आणि गंधरस घेऊन येतात. पण तेही वाट चुकून आधी राजधानीतच चौकशी करतात. ज्ञानाला पत्ता विचारावा लागला, कष्टाला तो घरबसल्या सांगितला गेला! संस्कृताच्या पोथ्यांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांनी हे वाक्य स्वतःला उद्देशून वाचावे.

बेथलेहेमात या जन्मस्थानावर चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळी मंदिर उभे राहिले आणि सहाव्या शतकात ते पुन्हा बांधले गेले. आजही ते उभे आहे. त्याचे प्रवेशद्वार जेमतेम चार फूट उंचीचे आहे. घोड्यावर बसून कोणी आत शिरू नये म्हणून ते लहान केले असे सांगतात. परंतु त्याला नाव पडले आहे 'नम्रतेचे द्वार'. राजा असो वा रंक, वाकल्यावाचून आत जाता येत नाही. इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने १२२३ साली नाताळच्या रात्री खरी गव्हाण, खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून हा प्रसंग लोकांसमोर उभा केला. आज वसईत, गोव्यात घरोघरी जे गोठ्याचे देखावे मांडतात, त्यांच्या परंपरेत ग्रेच्चोच्या त्या रात्रीला मानाचे स्थान आहे. चांदणीचा कंदील आणि केक ही सणाची शोभा आहे, ती असावी. पण दिवे कितीही लावले, तरी मधोमध गवताचीच जागा असते, हे विसरू नये.

एक रास्त आक्षेप

येथे काही वाचक म्हणतील, 'शास्त्रीबुवा, हे सारे ठीक. पण इतिहासाचे काय?' आम्ही तो प्रश्न टाळणार नाही. ज्या पोर्तुगीजांनी आपणांस 'नाताळ' हा शब्द दिला, त्यांच्याच राज्यात गोव्यातील देवळे पाडली गेली. १५६० साली कुशस्थळीच्या श्रीमंगेशाला भक्तांनी नदीपार नेऊन प्रियोळला आश्रय दिला. म्हणजे गव्हाणीतल्या बाळाची पूजा करणाऱ्यांच्या राज्यात दुसऱ्याच्या देवाला उतरावयास जागा उरली नाही. याहून मोठा विसंवाद कोणता? परंतु या विसंवादाचा निवाडा करणारे माप कोठून आणावयाचे? ते त्याच सणात आहे. गव्हाणीची कथाच त्या सत्ताधीशांना दोषी ठरविते. सणाचा अर्थ विसरणाऱ्यांमुळे सणाचा अर्थ खोटा ठरत नाही.

आणि हेच माप आपल्यालाही लावावयास नको काय? आमच्या पंढरीत महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. ज्या भक्ताला देवाने हृदयी धरले, त्याला आम्ही आत येऊ दिले नाही. त्याची समाधीही पायरीपाशी, बाहेरच आहे. विठ्ठलाच्या दर्शनाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये येथे प्राणांतिक उपोषण करावे लागले. जो देव पुंडलिकासाठी दाराबाहेर विटेवर ताटकळत उभा राहिला, त्याच्या दारी आम्ही शतकानुशतके 'जागा नाही' अशी पाटी लावली. तेव्हा या विषयात दगड उचलण्याचा अधिकार कोणालाच नाही.

सुदैवाने आमच्या मराठी भाषेचे दार अधिक रुंद निघाले. १५७९ साली गोव्यात आलेला फादर स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. त्याने ही ख्रिस्तकथा मराठी ओव्यांत गायिली. 'ख्रिस्तपुराण' या नावाने ओळखला जाणारा त्याचा ग्रंथ १६१६ साली रायतूरला छापला गेला, आणि त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. ज्ञानदेवांनी आणि नाथांनी घडविलेल्या ओवीने त्या परक्या बाळाला 'जागा नाही' असे म्हटले नाही. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आमचे कीर्तनच ख्रिस्तकथेसाठी वापरले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची धारणा होती. १९१९ साली ते गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांचे धर्मांतर तेव्हा पुष्कळांना रुचले नाही, आजही पुष्कळांना रुचणार नाही. परंतु मराठी कीर्तनाच्या इतिहासात त्यांना जागा नाही, असे आम्ही तरी म्हणणार नाही.

एक पौषाची रात्र

आता उत्तररंग. आख्यान आमचेच आहे आणि त्यात आमचा मान वाढण्यासारखे काही नाही.

नव्वदच्या दशकातील गोष्ट. पौषाचे दिवस, कडाक्याची थंडी. त्या संध्याकाळी आमचे कीर्तन एका देवळात झाले. आख्यान लावले होते ते नाथांचे. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेली गंगा नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, तो प्रसंग. श्रोत्यांचे डोळे पाणावले. आमचेही पाणावले. नारळ आणि शाल घेऊन आम्ही घरी परतलो. जेवणे आटोपली, आणि दाराची कडी वाजली.

दारात एक तरुण उभा होता. मागे रस्त्यावर बैलगाडी, गाडीत घोंगडी पांघरून बसलेली त्याची बायको. बीडकडची ऊसतोड मंडळी होती. गाडीचे चाक निखळल्याने टोळीच्या मागे पडली होती. तो म्हणाला, 'महाराज, बाईमाणूस अवघडलेलं हाय. रातच्यापुरतं वसरीला टेकू द्या.'

आमच्या वाड्याला ओसरी होती. ओसरीला लागून पाहुण्यांची खोलीही होती. तीत पोथ्यांच्या पेट्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्या यजमानांसाठी गाद्या घालून ठेवल्या होत्या. आम्ही रागावलो नाही, दरडावले नाही. अगदी सौम्यपणे म्हणालो, 'बाबा, जागा नाही रे. पुढे धर्मशाळा आहे, तेथे विचार.' तो 'बरं' म्हणाला, हात जोडले आणि गेला. आम्ही कडी लावली.

सकाळी यजमान आले नाहीत. गाद्या तशाच राहिल्या. धर्मशाळेत चौकशी केली, तर तेथेही आदल्या रात्री जागा नव्हती. त्या जोडप्याने ती थंडीची रात्र कोठे काढली, त्या माउलीचे पुढे काय झाले, हे आम्हांस आजवर कळलेले नाही. कळण्याचा मार्गही नाही. गाढवाला गंगा पाजण्याची कथा सांगणारे तोंड आणि 'जागा नाही' म्हणणारे तोंड यांत दोन तासांचेही अंतर नव्हते.

पुढे काही वर्षांनी एका ख्रिस्ती स्नेह्याच्या घरी नाताळचा गोठा मांडलेला पाहिला. त्याच्या लहान मुलीने बोट दाखवून सांगितले, 'आजोबा, हे बाळ गव्हाणीत आहे, कारण त्यांना कोणी जागा दिली नाही.' त्या मुलीला काय ठाऊक की ती कोणाला काय सांगत आहे! आमच्या सोलापूर जिल्ह्यात 'गव्हाण' हा शब्द गोठ्यापुरता राहिलेला नाही. साखर कारखान्यात ऊस जेथे टाकतात, तिलाही गव्हाणच म्हणतात. दरवर्षी गव्हाणीत मोळी टाकून, पूजा करून गळिताचा शुभारंभ होतो; फोटो छापून येतात. ती मोळी ज्यांनी तोडली आणि बांधली, ती माणसे तेव्हा उसाच्या फडाकडेला पाचटाच्या कोपीत असतात. डिसेंबरची थंडी, उघडे रान, आणि त्यांतच कित्येक अवघडलेल्या बायका डोक्यावर मोळ्या वाहत असतात. बेथलेहेम शोधावयास फार दूर जावयास नको.

आणि जे दूरचे बेथलेहेम, त्याचीही स्थिती ध्यानात असावी. गाझातील युद्धामुळे २०२३ साली त्या गावाने नाताळचा सार्वजनिक सोहळा केला नाही. तेथील एका चर्चमध्ये त्या वर्षी गव्हाणीऐवजी पडक्या घराचा दगडमातीचा ढीग रचला आणि बाळाची मूर्ती त्या ढिगाऱ्यात ठेवली. दोन हजार वर्षांनंतरही त्याला उतरावयास नीट जागा मिळालेली नाही.

असो. आमच्या मते नाताळचा अर्थ एवढाच आहे. देव येतो तेव्हा तो मोठा होऊन येत नाही. म्हणून त्याला ओळखणे कठीण जाते आणि त्याला परत पाठविणे सोपे जाते. त्याच्या येण्याची वेळ गैरसोयीची असते. खोली भरलेली असते, कधी माणसांनी, कधी गाद्यांनी, कधी पोथ्यांनी. ख्रिस्ती बांधवांनी या सणात आपल्या गोठ्यातील बाळापुढे मेणबत्ती लावावी, आनंदाने गावे, शेजाऱ्यांना फराळ द्यावा. आम्ही हिंदूंनी तो फराळ आदराने घ्यावा आणि ही कथा त्यांची म्हणूनच ऐकावी. त्यासाठी आपला देव सोडावा लागत नाही. विटेवर उभा असलेला तो सावळा अतिथी तरी दुसरे काय मागतो?

त्या रात्रीनंतर आमच्या वाड्याच्या ओसरीला कडी नाही. पाहुण्यांच्या खोलीतील पेट्या माडीवर नेल्या. सूज्ञ वाचकांनी याला पुण्य समजू नये. ही उशिरा केलेली आवराआवर आहे. कारखान्यांची धुराडी पेटली, थंडी वाढली, की रात्री गाड्यांच्या घुंगरांचा आवाज आला म्हणजे आम्ही अजूनही उठून बाहेर पाहतो. तो तरुण पुन्हा कधी आला नाही. परंतु दुसरे आले आहेत, आणि त्यांना ओसरी मिळाली आहे.

सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींना नाताळचे अभीष्टचिंतन! आणि आपणां सर्वांच्या घरांत, देवळांत आणि अंतःकरणांत येणाऱ्याला उतरावयास हातभर जागा राहो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.